क्विझमध्ये दहापैकी नऊ, वॉर्डात मात्र जैसे थे

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

"पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी नर्स आहे. बरीच वर्षं वॉर्डात काढल्यावर आता नर्सिंग स्टाफच्या ट्रेनिंगची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलांना गुणवत्तेची मान्यता देणारी संस्था, तिच्यासाठी दर महिन्याला ठरलेले विषय घ्यावे लागतात. मी मनापासून तयारी करते. मध्यंतरी सुई टोचण्याच्या अपघातांवर तासभर घेतलं, ६४ स्लाइड्स होत्या (यादी सोबत जोडते). शेवटच्या क्विझमध्ये बहुतेकींना दहापैकी नऊ मिळाले. आठच दिवसांनी नाइटच्या एका मुलीला सुई टोचली. तिने बोट दाबून रक्त काढलं, स्पिरिट लावलं आणि गप्प बसली. दोन दिवसांनी तिच्या मैत्रिणीकडून आम्हाला कळलं. ती त्या दिवशी माझ्या वर्गात पहिल्या रांगेत होती. मॅनेजमेंट म्हणतं, ट्रेनिंगचे तास दुप्पट करा, एक अ‍ॅपही घेऊ. कमी करावं तर वाटतं, इतकं थोडं शिकवलं तर डॉक्टर काय म्हणतील? मी काय करू? माझंच शिकवणं कमी पडतंय का?"

ताई,

आधी त्या मुलीबद्दल. एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी यांची तिची पहिली तपासणी झाली का, हेपॅटायटिस बीच्या लशीचे सगळे डोस पूर्ण आहेत का आणि पुढच्या तपासण्यांच्या तारखा तिला लिहून दिल्या आहेत का, हे डॉक्टरांशी बोलून पक्कं करा. तिला मेमो दिला गेला असेल तर तो मागे घ्यावा म्हणून मेट्रनकडे शब्द टाका. तिच्या गप्प बसण्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

आता तुमचा प्रश्न. तुमचं शिकवणं कमी पडत नाही, जास्त होतंय. तास दुप्पट करायला नकार द्या. आहे त्याच तासातला बराचसा मजकूर काढून टाका आणि मोकळा झालेला वेळ मुलींना स्वतःच्या ड्युटीकडे मागे वळून बघायला द्या.

क्विझमधल्या नऊ गुणांनी तुम्हा सगळ्यांचीच फसगत केली आहे. तास संपल्या संपल्या घेतलेल्या परीक्षेत काय ताजं आहे एवढंच कळतं, काय टिकणार आहे ते कळत नाही. रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी कागद मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, त्यांना ८१ टक्के आठवत होतं आणि दुसऱ्या गटाला ७५ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटलं. पुन्हा वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरलं, आठवून लिहिणाऱ्यांकडे ५६ टक्के. तुमच्या ६४ स्लाइड्स मुलींच्या डोळ्यांसमोरून गेल्या, पण त्या तासाभरात त्यांना स्वतःच्या डोक्यातून काहीच बाहेर काढावं लागलं नाही. नाइट करून आलेली मुलगी तशा तासाला जागी राहिली, हेच तिचं मोठेपण.

तुम्ही पाठवलेली यादी मी नीट वाचली. विषाणूची रचना, जगभरातली आकडेवारी, कायद्यातली कलमं, औषधांची नावं आणि त्यांचे दुष्परिणाम, तीन वेगवेगळे फॉर्म, हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या डब्यांचे रंग. यातलं काहीही चुकीचं नाही. पण रात्री तीन वाजता, एकीकडे बेल वाजत असताना, हातमोज्यातून रक्त दिसलं की त्या मुलीने नेमकं काय करायचं? जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची. दाबायची नाही, चोखायची नाही, स्पिरिट किंवा ब्लीच लावायचं नाही. लगेच कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना सांगायचं. आणि कोणत्या पेशंटची सुई होती ते सांगायचं, म्हणजे त्याच्या तपासणीचं बघता येतं. चार गोष्टी आहेत. यादीत त्या ३१, ३८, ४४ आणि ५९ क्रमांकांच्या स्लाइड्सवर विखुरल्या आहेत. ५९व्या स्लाइडपर्यंत कोणाचं लक्ष टिकणार?

या चारांना एक कारण जोडा, कारण नुसता नियम दमलेल्या माणसाच्या हातून सुटतो. एचआयव्हीची शक्यता असेल तर प्रतिबंधक औषध जितक्या लवकर सुरू होईल तितकं चांगलं, शक्यतो दोन तासांच्या आत. ७२ तास उलटून गेल्यावर ते सुरू करण्यात अर्थ राहत नाही. म्हणून "लगेच सांगा". आणि भीती घालवायला एकच आकडा पुरेसा आहे: एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता साधारण हजारात तीन असते, औषध घेतल्यावर आणखी कमी. ज्या मुलीला "आता माझं लग्न कसं होणार" या विचाराने घाम फुटलेला असतो, तिला विषाणूच्या चित्रापेक्षा या आकड्याचा आधार वाटतो. बाकीच्या साठ स्लाइड्स फाइलमध्ये ठेवा. ज्याला हव्या असतील तो बघेल, एनएबीएचवाल्यांनाही दाखवता येतील.

काय ठेवायचं आणि काय काढायचं हे टेबलाशी बसून ठरवू नका. दोन सकाळी वॉर्डात जाऊन नुसतं बघा. सुई वापरल्यावर टोपी परत कोण बसवतं आणि का? वापरलेल्या सुया टाकायचा पांढरा डबा हाताशी आहे की खोलीच्या दुसऱ्या टोकाला? तो तीन चतुर्थांश भरल्यावर बदलला जातो की वॉर्डबॉय मामा येईपर्यंत सुया वर डोकावत राहतात? मग स्वतःला विचारा, "या तासानंतर उद्या सकाळी हात काय वेगळं करतील?" ज्या स्लाइडला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, ती काढा. आणि एका तासाला एकच विषय ठेवा. सुई टोचणं, डब्यांचे रंग आणि हात धुणं हे एकत्र घ्यायचा मोह होईल, कारण तिन्ही इन्फेक्शन कंट्रोलच्याच फाइलमध्ये असतात. मुलींच्या हातांना मात्र ती तीन वेगळी कामं आहेत.

सोपं करून सांगितलं की विषय हलका होतो अशी भीती मला अनेक चांगल्या शिक्षकांमध्ये दिसते. तुमच्या पत्रातही ती डोकावते: "इतकं थोडं शिकवलं तर डॉक्टर काय म्हणतील?" अशा वेळी मला गडचिरोली आठवते. बालकांचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती हे मोजावं लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ किंवा जास्त, त्यापुढे वर्षाच्या आतल्या बाळाला पन्नास किंवा जास्त श्वास लागत असतील तर ते धोक्याचं. पण गावातल्या सुईणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी त्यांना अंक शिकवण्यात महिने घालवले नाहीत. त्यांनी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेलं साधं उपकरण बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. त्यामागचं वैद्यकशास्त्र जराही पातळ झालं नाही, फक्त सुईणीच्या हातात तिला पेलेल एवढीच कृती दिली गेली. याच जोडप्याच्या 'सर्च' संस्थेने पुढे गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अहवालानुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला होता. तुमच्या मुली तर तीन-चार वर्षं नर्सिंग शिकून आलेल्या आहेत. त्यांना सोपं करून सांगण्यात त्यांचा अपमान नाही, त्यांच्या वेळेचा मान आहे.

तासातली वीसच मिनिटं शिकवण्याला ठेवली तर तेवढ्यात शिकवायचं कसं? दाखवायचं आणि करून घ्यायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांमध्ये अगदी नवखी माणसं भरावी लागली, तेव्हा 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची सरकारी योजना निघाली आणि लाखो मुकादम-सुपरवायझर तिच्यात तयार झाले. युद्धानंतर ती जपानात गेली आणि टोयोटासारख्या कंपन्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीत मुरली. तिच्या चार पायऱ्या आहेत: शिकणाऱ्याला तयार करा, काम दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, मग मागोवा घेत राहा. यातल्या तिसऱ्या पायरीत एक बारकावा आहे. माणूस काम करत असताना त्यानेच मोठ्याने सांगायचं की मी आता काय करतोय आणि का करतोय. तुमच्या वर्गात हे सहज जमेल. खोटी सुई, खरा नळ, खरा फोन. "टोचली, आता काय?" म्हणायचं आणि मुलीने बोलत बोलत करून दाखवायचं. कॅज्युअल्टीचा नंबर तिला पाठ नाही हे तिथेच उघडं पडेल.

आता दुसऱ्या भागाबद्दल, म्हणजे ड्युटीकडे मागे वळून बघण्याबद्दल, ज्याच्यासाठी खरं तर मी हे पत्र एवढं लांबवतोय. बेंगळुरूत विप्रोच्या एका केंद्रात नव्या कर्मचाऱ्यांचं ट्रेनिंग चालू असताना दि स्तेफानो, जीनो, पिसानो आणि स्टाट्स या संशोधकांनी एक प्रयोग केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला दिवसाची शेवटची पंधरा मिनिटं फक्त लिहायला दिली: आज काय शिकलो, त्यातून काय हाती लागलं. असं दहा दिवस. दुसऱ्या गटाने ती पंधरा मिनिटं कामच केलं. शेवटच्या परीक्षेत लिहिणारे सुमारे २३ टक्क्यांनी सरस ठरले, सराव कमी मिळूनसुद्धा. ती परीक्षा कागदावरची होती आणि काम कॉल सेंटरचं, तेव्हा तोच आकडा तुमच्या वॉर्डात येईल असं मी म्हणणार नाही. पण सरावाचा वेळ कापून विचाराला दिला आणि तोटा न होता फायदा झाला, एवढं तुमच्या मॅनेजमेंटला सांगायला पुरेसं आहे.

त्याहून जवळचं उदाहरण जामखेडचं. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावोगावच्या, बहुतेक निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, गोल करून बसायच्या आणि आपापल्या गावात त्या आठवड्यात काय घडलं ते सांगायच्या. कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाच्या सासूने पोराला औषध देऊ दिलं नाही. पुढचा धडा त्या सांगण्यातूनच निघायचा. वही-पेन्सिल नसतानाही मागे वळून बघणं जमतं, हे त्या बायकांनी करून दाखवलं. आरोळे पती-पत्नींना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या मते त्या कामाचा कणा ही साप्ताहिक बैठक होती.

तुमच्याकडे हे असं करता येईल. महिन्याचा एक तास आहे ना? त्यातली वीस मिनिटं शिकवण्याला ठेवा. उरलेल्या चाळीस मिनिटांचे चार तुकडे करा आणि दर आठवड्याला, प्रत्येक वॉर्डात, दहा मिनिटं बसा. वेळ ड्युटीतलाच हवा. ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवून झाल्यावर, एसटी पकडायच्या घाईत असलेल्या मुलीला थांबवून "जरा विचार करू" म्हणालात तर ती विचार एसटीचाच करेल. दुपारी दोन ते तीनच्या मध्ये, मॉर्निंग आणि आफ्टरनून दोन्ही स्टाफ वॉर्डात असतात तेव्हा, निम्म्या मुली पेशंटजवळ आणि निम्म्या तुमच्याजवळ, असं जमतं का ते इनचार्ज सिस्टरांबरोबर बसून पाहा.

प्रश्न कोणते विचारायचे, याकडे जास्त लक्ष द्या. "काय शिकलात?" असं विचारलं की "छान वाटलं मॅडम" एवढंच ऐकू येतं. त्यापेक्षा विचारा: "या आठवड्यात सुई हाताळताना कुठे हात थबकला?" "जे ठरलं होतं तसं कुठे झालं नाही, काय आड आलं?" "पुढच्या वेळी त्याच जागी काय करशील?" आधी दोन मिनिटं प्रत्येकीने आपल्या वहीत लिहायचं, मराठीत, जसं सुचेल तसं. मगच बोलायचं. लिहिण्याआधी बोलायला सुरुवात झाली की सीनियर सिस्टर बोलतात आणि नव्या मुली मान डोलावतात. पहिल्या बैठकीला शांतता पसरेल, ती तुम्ही भरून काढू नका. एक पूर्ण मिनिट थांबा. कोणीतरी बोलतंच.

वह्या त्यांच्याच राहू द्या. तुम्ही त्या गोळा करायच्या नाहीत, तपासायच्या नाहीत, फाइलला लावायच्या नाहीत, एनएबीएचला पुरावा म्हणून दाखवायच्या तर मुळीच नाहीत. पुराव्यासाठी तारीख, विषय आणि हजेरीच्या सह्या पुरतात. तिथे बोललेली एक गोष्ट जरी कोणाच्या मेमोत किंवा अप्रेझलमध्ये गेली, तरी त्या दिवसापासून मुली तुम्हाला पुस्तकातली उत्तरं द्यायला लागतील आणि ती घडी परत बसवणं फार कठीण जाईल. हे मेट्रनकडून आधी कबूल करून घ्या. त्यांनी कबूल केलं नाही तर बैठक सुरूच करू नका, फक्त शिकवण्याचा भाग छोटा करा. भीतीच्या वातावरणात माणसाला मागे वळून बघायला लावणं मला क्रूर वाटतं.

आणि इथेच ती गप्प बसलेली मुलगी पुन्हा समोर येते. तिला माहीत नव्हतं म्हणून ती गप्प बसली असं मला वाटत नाही. क्विझमध्ये तिने बरोबर उत्तर लिहिलंही असेल. ती का गप्प बसली हे तिच्याशी कोणी शांतपणे, शिक्षेचा सूर न लावता बोललं आहे का? सांगितलं तर ओरडा बसेल, नाइटच्या डॉक्टरांना उठवावं लागेल, पेशंटच्या नातेवाइकांकडे तपासणीची संमती मागावी लागेल, घरी कळेल. यातलं एकही कारण स्लाइडवर येत नाही, पण आठवड्याच्या त्या दहा मिनिटांत येऊ शकतं. तसं ते आलं की तुम्हाला कळेल की निम्म्या गोष्टी ट्रेनिंगच्या नव्हेतच. कुठे पांढरा डबा लांब आहे, कुठे हँडरबची (हातांना चोळायच्या जंतुनाशकाची) बाटली चार दिवस रिकामी आहे, कुठे साबण नाही, कुठे कॅज्युअल्टीचा नंबर भिंतीवर लिहिलेला नाही. हात केव्हा केव्हा स्वच्छ करायचे याचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहेत. ते मुलींना झोपेतही म्हणता येतील, पण बाटली रिकामी असेल तर पाठांतर काय करणार? ही यादी दर महिन्याला स्टोअर आणि अ‍ॅडमिनकडे नेणं हे तुमचं काम समजा, आणि काय सुधारलं ते पुढच्या बैठकीत मुलींना सांगा. त्यांनी सांगितलेल्या एका गोष्टीने जरी डबा जागेवरून हलला, तरी पुढच्या वेळी त्या दुप्पट बोलतील.

मोजायचं काय, हेही मॅनेजमेंटबरोबर आधीच ठरवा. त्याच दिवशीची क्विझ बंद करा. त्याऐवजी साधारण आठ दिवसांनी वॉर्डात जाता जाता एक-दोघींना विचारा, "आत्ता सुई टोचली तर?" गुण नाहीत, नाव नाही. अडखळली तर तिथेच सांगा, महिन्याने पुन्हा विचारा. एनएबीएचचे असेसरही वॉर्डात उभं राहून असंच तोंडी विचारतात. राउंडला भरून वाहणारे पांढरे डबे किती दिसतात ते लिहून ठेवा. आणि एक गोष्ट वरिष्ठांना अगदी स्पष्ट सांगून ठेवा: सगळं नीट चाललं तर पहिल्या काही महिन्यांत सुई टोचल्याच्या नोंदी वाढतील. अपघात वाढले म्हणून नव्हे, मुली सांगायला लागल्या म्हणून. हे आधी सांगितलं नसेल तर तिसऱ्या महिन्याच्या मीटिंगमध्ये आलेख पाहून कोणीतरी म्हणेल की ट्रेनिंग फसलं, आणि सगळं बंद पडेल.

अ‍ॅपला माझा विरोध नाही, पण आत्ता घेतलंत तर त्याच ६४ स्लाइड्स मुलींच्या मोबाइलवर जातील आणि त्या बसमध्ये अंगठ्याने सरकवतील. कोणते चार-पाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्यासारखे आहेत हे सहा महिन्यांच्या बैठकांतून तुमच्या लक्षात येईल. तेव्हा त्या प्रश्नांपुरतं अ‍ॅप घ्या. तोवर ते पैसे प्रत्येक ट्रॉलीला एकेक पांढरा डबा आणि प्रत्येक नर्सिंग स्टेशनला भिंतीवर मोठ्या अक्षरांत कॅज्युअल्टीचा नंबर यांवर खर्च करायला सांगा.

सुरुवात एकाच वॉर्डापासून करा, जिथली इनचार्ज सिस्टर तुमच्या विश्वासातली आहे तिथून. जी मुलगी गप्प बसली होती, तिला पहिल्या बैठकीत मुद्दाम बोलावू नका आणि मुद्दाम वगळूही नका.